मांडी घालता येत नाही, म्हणून ध्यान अडत नाही

वाचक ताईंचं पत्र :

माझं वय ५३. दारव्हा तालुक्यात आमचं सहा एकर वावर आहे, कापूस आणि तूर. गावात गुरुदेव सेवा मंडळाची रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते, तिथं मी बारा-तेरा वर्षांपासून जाते. गेल्या वर्षी एका ठिकाणी पाच दिवसांच्या योग-ध्यान शिबिराला गेले. पहाटे थंडीत बारा सूर्यनमस्कार घालायला लावले, मग सतरंजीवर मांडी घालून पाऊण तास बसवलं. रोजचा चहाही तिथं बंद होता. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला, डोकं ठणकायला लागलं. डोळे मिटले की एक तर झोप यायची, नाही तर धाकटे दीर दिसायचे. ते दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीनं मी परत आले. घरचे म्हणतात, तुला हे जमणार नाही. बीपीची गोळी रोज सकाळी घेते. आता माघात एक सौम्य, जुन्या पद्धतीचं शिबिर आहे, मुलगी म्हणते जा. जावं का? जायचं तर तयारी काय करू?

ताई, नमस्कार.

जा. फक्त आधी गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या. गुडघा हाताला गरम लागत असेल, चालताना मधेच अडकत असेल किंवा पायरी उतरताना एकदम दगा देत असेल, तर शिबिर थोडं पुढं ढकला.

घरच्यांचं ‘जमणार नाही’ हे बोलणं मनावर घेऊ नका. बारा-तेरा वर्षं रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसणाऱ्या बाईला बसणं जमत नाही, असं कसं म्हणायचं? तुकडोजी महाराजांनी घालून दिलेल्या त्या शिस्तीत शांत बसणं आहेच. गेल्या वर्षी तुमची बैठक चुकली, कामांचा क्रम चुकला आणि चहा एकाएकी सुटला. तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. दिरांचं दिसणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढं नीट येऊ.

आधी गुडघा का सुजला ते पाहू. मांडी घालताना पाय वळायचा असतो खुब्यातून. खुबा बाहेरच्या बाजूला पुरेसा वळला नाही, की उरलेलं वळण गुडघ्यावर येतं. आणि गुडघ्याचा सांधा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा, एकाच दिशेनं मिटणारा-उघडणारा. त्याला आडवा पीळ सोसत नाही. तुम्ही म्हणाल, वावरात तर मी दिवसभर उकिडवी बसून निंदते, तेव्हा काही होत नाही. बरोबर आहे. उकिडवं बसताना गुडघा पूर्ण मिटतो, पण पिळला जात नाही, आणि तुम्ही दर मिनिटाला पुढं सरकत असता. सपाट सतरंजीवर पाऊण तास न हलता घातलेली मांडी म्हणजे तोच पीळ पाऊण तास धरून ठेवणं. शिवाय त्याआधी थंड अंगानं बारा सूर्यनमस्कार, म्हणजे गुडघा जमिनीला टेकून चोवीस वेळा पाय मागं-पुढं. कोणाचाही सुजला असता.

आता बैठक. हे तुम्ही आजपासून घरी करू शकता, आणि तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

घरातली एक जुनी, दबलेली वाकळ घ्या. मऊ गादी किंवा नवी कापसाची उशी नको. वजन पडलं की ती मागच्या बाजूनं खचते आणि कंबर मागं कलंडते. वाकळीच्या घट्ट घड्या घालून चार ते सहा इंच उंची करा. त्यावर पूर्ण चढून बसू नका. पुढच्या काठावर, फक्त बसायची हाडं टेकतील एवढंच बसा. मांड्या वाकळीच्या पुढं मोकळ्या उतरू द्या. मग पाय एकावर एक न चढवता एकापुढं एक ठेवा, दोन्ही घोटे जमिनीवर. उजवा पाय पुढं ठेवा, कारण पुढच्या पायाचा गुडघा कमी मिटतो. दोन्ही गुडघ्यांखाली गुंडाळलेलं लुगडं किंवा टॉवेल सरकवा, म्हणजे ते अधांतरी लोंबत नाहीत.

बैठक बसली की नाही हे असं ओळखायचं : हात मांड्यांवर ठेवा आणि पोट पूर्ण सैल सोडा. पोट सोडताच पाठीला पोक आलं, तर उंची कमी आहे. आणखी एक घडी घाला. कंबर आपोआप उभी राहिली आणि गुडघे खुब्याच्या पातळीपेक्षा खाली दिसले, तर उंची बरोबर आहे. उंची फार झाली तर कमरेच्या खालच्या भागात खड्डा पडल्यासारखा ताण येतो, तेव्हा एक घडी काढा. दहा मिनिटांत पाय बधिर होत असेल, तर बहुतेक वेळा वाकळीचा काठ मांडीत रुततो आहे किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते आहे. पाय मोकळा करा, चोळा, आणि मुंग्या पूर्ण जाईपर्यंत उठून उभ्या राहू नका. बधिर पायावर उभं राहून घोटा मुरगळणं हा शिबिरातला नेहमीचा अपघात आहे.

एवढं करूनही गुडघा बोलला, तर खुर्ची. तिच्यात काहीही कमीपणा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागं उतरती असते, म्हणून मागच्या अर्ध्या भागावर घडी घातलेली चादर ठेवून ती सपाट करा. पाठ टेकू नका, पावलं पूर्ण जमिनीवर ठेवा. पोचत नसतील तर खाली पाट किंवा वीट घ्या. पतंजलींच्या योगसूत्रांत दोनशेला थोडी कमी सूत्रं आहेत आणि त्यांतली आसनावर अवघी तीन. त्यांतलं पहिलं सांगतं, आसन स्थिर आणि सुखाचं असावं. पुढचं सूत्र सांगतं, प्रयत्न सैल केला की ते साधतं. मांडीचं नावही त्यांत नाही.

‘सौम्य, जुन्या पद्धतीचं’ हे शब्द पत्रकावर कोणीही छापतं, म्हणून त्यांचा अर्थ माहीत असलेला बरा. हठप्रदीपिका या जुन्या ग्रंथात जेमतेम पंधरा आसनं सांगितली आहेत, आणि त्यांतली बरीचशी बसून करायची. सूर्यनमस्कार त्यांत नाहीत. विसाव्या शतकात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्यांचा फार प्रसार केला. तो उत्तम व्यायाम आहे, पण गुडघा दुखत असलेल्या, दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईसाठी ध्यानाआधीची ती तयारी होत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, त्या परंपरेत आसन झटका न देता करायचं, सुखानं टिकेल तेवढंच टिकवायचं आणि मग तितकंच सावकाश सोडायचं असतं. तुमच्या शिबिरात हे चालत असेल तर ते सौम्य. तिथं फोन करून थेट विचारा : खुर्चीवर बसू देतात का, एका वेळची बैठक किती मिनिटांची, एखादं आसन सोडलं तर चालतं का, शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येकाचे आजार आधी कळवता येतात का, झोपायला बाज किंवा पलंग आहे का, कमोड आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. गुडघा दुखत असताना पाच दिवस खाली बसायच्या संडासावर काढायचे म्हणजे बैठकीत वाचवलेलं तिथं घालवणं. ‘सगळ्यांना सगळं करावंच लागतं’ असं उत्तर आलं, तर ते शिबिर सोडा, दुसरं शोधा.

कोणी विपश्यनेचं सुचवलं तर तेही चांगलं आहे, पण ते निराळं आहे. दहा दिवस, पहाटे चारची घंटा, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक, नऊ दिवस पूर्ण मौन आणि त्या काळात आसनं बंद. तुमच्या आजच्या गुडघ्याला आणि मनाला ते पहिलं पाऊल म्हणून आम्ही सुचवणार नाही.

निघण्याआधीचे तीन आठवडे असे घालवा. रोज झोपताना बाजेवर किंवा चटईवर पाय लांब करून पडा, उजव्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडीचा वरचा स्नायू घट्ट झाला पाहिजे. पाच सेकंद दाबून सोडा. असं दहा वेळा, मग डावा पाय. गुडघ्याची वाटी धरून ठेवणारा हाच स्नायू. सकाळी वाकळीवर बसायचा सराव करा : पहिला आठवडा पाच मिनिटं, दुसरा दहा, तिसरा पंधरा. त्यापुढं घरी वाढवू नका.

आणि चहा. दिवसाचे चार-पाच कप घेणाऱ्या माणसाचा चहा एकाएकी सुटला, की एक-दोन दिवसांत डोकं धरतं. कपाळ आणि डोळ्यांमागं ठणका, सुस्ती, चिडचिड. गेल्या वर्षीचं तुमचं डोकं बहुतेक यानंच ठणकलं. निघण्याआधी दहा दिवस धरून दर दोन दिवसांनी एक कप कमी करत या, म्हणजे जाताना सकाळचा एकच उरेल. शिबिरात तो मिळतो का विचारा. मिळत नसेल तर शेवटचा कप घरीच, निघण्याच्या तीन दिवस आधी सोडा. (सोबत येणारं कोणी खर्रा किंवा तंबाखू खात असेल तर त्यांनाही हेच सांगा, त्यांचा त्रास चहापेक्षा मोठा असतो आणि तो ते ध्यानाच्या नावावर खपवतात.)

बीपीची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. ‘इथं योगानं बीपी उतरतं, गोळीची गरज नाही’ असं कोणी म्हणालं, तर मान हलवा आणि गोळी घ्या. आठ दिवस पुरतील एवढ्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. निघण्याआधी डॉक्टरांना एक विचारा : गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का? असेल तर ती कोणत्या वेळेला घ्यायची ते ठरवून घ्या, नाही तर सकाळची प्रत्येक बैठक अर्ध्यात मोडेल. बीपीच्या काही गोळ्यांनी पडलेल्या जागेवरून झटक्यानं उठलं की भोवळ येते. शवासनातून उठताना उजव्या कुशीवर वळा, तिथं चार-पाच श्वास थांबा, मग हाताचा रेटा देऊन बसा, आणि बसल्यावर अर्धा मिनिट जाऊ द्या. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, भस्त्रिका, जोराची कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं, हे तुमच्यासाठी नाही. सगळे करत असले तरी नाही.

आता आसनांचा क्रम. तुमची पाठ वर्षाचे कित्येक महिने पुढं वाकलेली असते. निंदण, वेचणी, तुरीची सोंगणी, सगळं वाकून. म्हणून पायाचे अंगठे धरायची, पुढं वाकायची आसनं तुम्ही सोडून द्यावीत असं आमचं स्पष्ट मत आहे. वाकण्याचा सराव तुम्हाला भरपूर झाला आहे. तुम्हाला हवी आहे उलटी बाजू, आणि तीही थोडीशीच. माघात पहाटे अंग आखडलेलं असतं, म्हणून उभं राहून सुरुवात न करता पडून करा.

उताणं पडा, गुडघ्यांखाली वाकळीची गुंडाळी, तीन मिनिटं नुसता श्वास. मग घोटे दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा फिरवा. त्यानंतर एकपाद पवनमुक्तासन : उजवा पाय दुमडून पोटाकडे आणा, पण हात नडगीवर नको, गुडघ्याच्या मागं मांडीला धरा. नडगीवरून ओढलं की गुडघा दाबून मिटतो, मांडीला धरलं की नुसता खुबा मिटतो. डोकं जमिनीवरच राहू द्या. पाच श्वास, मग डावा. दोन-दोन वेळा.

पालथ्या व्हा. मकरासनात हातांची उशी करून दोन मिनिटं पडून राहा, पोट जमिनीवर श्वासाबरोबर दबताना जाणवेल. मग अर्धशलभासन : एकच पाय, गुडघा सरळ ठेवून, जमिनीपासून चार-सहा बोटं उचला. पाय जास्त उंच नेला की खुबा उचलला जातो आणि कंबर पिळते. उंची हे इथं यश नाही. श्वास चालू ठेवून दोन श्वास धरा, सोडा, दुसरा पाय. तीन-तीन वेळा. बहुतेक माणसं पाय उचलताना नकळत श्वास कोंडतात, आणि बीपी असताना तेवढंच टाळायचं आहे. पाय उचलताना हळू आवाजात ‘एक, दोन, तीन’ मोजा. बोलता येतंय म्हणजे श्वास कोंडलेला नाही. त्यानंतर भुजंगासन, पण कोपरं जमिनीवर टेकवूनच. कोपर खांद्याच्या बरोबर खाली, छाती पुढं, मान लांब, नजर समोर. मान मागं टाकू नका. पाच श्वास, तीन वेळा, मधे मकरासन.

वाकळीवर बसून वक्रासन : उजवा पाय लांब, डावा गुडघा उभा, डावा हात पाठीमागं टेकून धड डावीकडे वळवा. आधी पोट, मग छाती, शेवटी मान. मानेपासून सुरुवात केली की वळण मानेतच संपतं. पाच श्वास, मग बाजू बदला. शेवटी भिंतीला धरून ताडासन तीन वेळा आणि सात-आठ मिनिटं शवासन. सगळं मिळून चाळीस मिनिटं. थकवा आला तर आसनं कमी करा, शवासन कमी करू नका. शिबिरात वेळ अपुरा पडला की पहिली कात्री शवासनावरच चालते, आणि आसनांनी केलेलं काम तिथंच वाया जातं.

प्राणायामात एकच गोष्ट नीट शिका : सोडायचा श्वास लांबवणं. मनात चार मोजत श्वास घ्या, चार मोजत सोडा. दोन दिवस असंच. मग घेताना चार, सोडताना सहा. शेवटच्या दोन दिवसांत जमलं तर चारास आठ. मधे कुठंही थांबायचं नाही. पुढचा श्वास घेताना हापापल्यासारखं झालं, खांदे वर उचलले गेले किंवा जांभया येऊ लागल्या, तर मोजमाप तुमच्या फुप्फुसांपेक्षा मोठं झालं आहे. एक पायरी खाली या. अनुलोम-विलोम याच मापानं पाच मिनिटं पुरे. नाक बोटांनी दाबून वाकडं करायचं नाही, फक्त बाजूला टेकवायचं. त्यानंतर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, सहा-सात वेळा, ओठ मिटलेले, दात किंचित सुटे. दात आवळले की आवाज घशात अडतो, सुटे ठेवले की टाळूत आणि कपाळात घुमतो.

जलनेती, म्हणजे मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुणं, करायला लावली आणि करायची इच्छा असली, तर पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, विहिरीचं किंवा नळाचं थेट नको. अर्ध्या लिटरला एक सपाट छोटा चमचा मीठ. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं. करून झाल्यावर पुढं वाकून एकेका नाकपुडीतून हलकेच हवा सोडत नाक पूर्ण कोरडं करा. जोरानं शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं आणि दोन दिवस कान दडे बसल्यासारखे राहतात. सर्दीनं नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी करू नका.

ध्यानाला बसल्यावर झोप का येते? सगळ्यात साधं कारण म्हणजे झोप राहिलेली असते. पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत पहाटे चारला उठणारी बाई पहिल्यांदा शांत जागी बसते, तेव्हा शरीर आधी आपली उधारी वसूल करतं. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी बिनधास्त झोपा आणि रात्री नऊला आडव्या व्हा. दुसरं कारण जेवण. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा असं हठप्रदीपिका सांगते. शिबिरातला मऊ भात आणि वरण चवीनं जास्त जातं, त्याऐवजी एक भाकर, वाटीभर वरण, भाजी एवढंच घ्या. रात्रीचं जेवण सातच्या आत. तिसरं कारण हनुवटी : ती छातीकडे उतरली की डुलकी लागतेच. बसल्यावर हनुवटी समांतर ठेवा, आणि जडपणा आला की डोळे अर्धे उघडून समोर तीन-चार हातांवर जमिनीकडे पाहा. तरीही डुलकी आली, तर उठून ओसरीच्या लांबीइतकं, पंधरा-वीस पावलं, हळूहळू चालत ये-जा करा. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला, एवढंच लक्षात घेत. चालणं हेही ध्यानच आहे. मनाची जडता आणि आळस ही पतंजलींनी मोजलेल्या नऊ अडथळ्यांतली दोन नावं आहेत, म्हणजे हे सगळ्यांनाच होत आलं आहे.

बैठक एका वेळी वीस मिनिटांची ठेवा, दिवसातून तीन किंवा चार. पाऊण तासाची सत्रं असतील तर मागच्या बाजूला बसा आणि वीस मिनिटांनी आवाज न करता पाय बदला. बसल्यावर आधी खाली टेकलेली हाडं जाणवू द्या, मग दहा लांब उच्छ्वास, मग श्वास मोजणं : प्रत्येक श्वास सुटला की एक आकडा, दहापर्यंत, पुन्हा एक. मधेच आकडा हरवला किंवा चौदावर पोचल्याचं लक्षात आलं, तर रागवायचं नाही, पुन्हा एकपासून. दिवसात शंभर वेळा हरवलं तरी शंभर वेळा एकपासून.

वावराचे हिशेब डोक्यात येणारच. ते कमी करायचा उपाय घरीच आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कागदावर लिहून द्या : रात्रीची लाइन असली की ओलिताला कोण जाणार, गाई-म्हशींचं कोण पाहणार, घरात भरलेल्या कापसाचं काय, बाजारहाट कोणाकडे. कागद घरच्यांच्या हातात द्या आणि शिबिराच्या कार्यालयाचा नंबरही द्या, म्हणजे अगदीच गरज पडली तर निरोप येईल. ‘घरी काही झालं असेल तर?’ हा विचार मौनात सगळ्यात जास्त छळतो, आणि त्याचं उत्तर तो नंबर आहे. मौन पाळताना काही हवं असेल तर चिठ्ठी लिहा. औषध, त्रास, भीती, यासाठी बोलणं हा मौनभंग होत नाही.

आता दिरांबद्दल. त्यांच्या जाण्याचं दुःख अजून ताजं आहे, आणि दिवसभर कामात ते दबलेलं राहतं. सगळं शांत झालं की ते वर येतं. ध्यान चुकतंय असा त्याचा अर्थ होत नाही. पण डोळे मिटून ते एकटीनं सोसत बसायचीही गरज नाही. शिकवणाऱ्या बाईंना किंवा बुवांना पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगून ठेवा. दृश्य डोळ्यांसमोर आलं की लगेच डोळे उघडा, तळहात जमिनीला टेकवा, जमिनीचा गारवा आणि खरखरीतपणा जाणवू द्या, समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची मनात नावं घ्या : खांब, दार, तांब्या, तुळस, चप्पल. मग उघड्या डोळ्यांनीच उच्छ्वास लांबवा. पाचही दिवस डोळे उघडे ठेवून बसलात तरी काही बिघडत नाही. रडू आलं तर येऊ द्या. थोड्या वेळात ते आपलं आपण ओसरतं आणि नंतर हलकं वाटतं. मात्र सलग दोन रात्री झोपच आली नाही, छातीत धडधड थांबेना, कानात आवाज येऊ लागले किंवा जगणं नकोसं वाटलं, तर ध्यान तिथंच थांबवा, शिकवणाऱ्यांना सांगा आणि घरी या. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र कधीही फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हे दुःख अजून घरात कोणाशी बोलला नसाल, तर शिबिराला जाण्याआधी एकदा जाऊबाईंशी बोला, किंवा हाच नंबर लावा. ध्यानानं ते बोलणं टळत नाही.

परत आल्यावर घरी एवढंच करा : पहाटे, चूल पेटवण्याआधी, पडून पाच मिनिटं पवनमुक्तासन आणि मकरासन, पाच मिनिटं लांब उच्छ्वास, दहा मिनिटं बैठक. वीस मिनिटं. पहिल्या महिन्यात यात भर घालायचा मोह आवरा. शिबिराहून आलेली माणसं पहिल्या आठवड्यात तासभर करतात आणि होळीपर्यंत सगळंच सोडून देतात. वेचणीच्या दिवसांत वीस मिनिटं मिळाली नाहीत, तर आसनं सोडा, दहा मिनिटांची बैठक ठेवा. वावरातून आल्यावर भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसलात आणि दहा उच्छ्वास लांबवले, तेही त्यात धरा.

आणि ती वाकळ शिबिरात सोबत न्या, तिथली मऊ गादी घेऊ नका. परत आलात की संध्याकाळच्या प्रार्थनेला जातानाही तीच बगलेत घेऊन जा, बाकीच्या बाया सतरंजीवर बसलेल्या असल्या तरी. दोघी-तिघी विचारतील, तेव्हा त्यांनाही पोट सैल सोडून कंबर कशी तपासायची ते दाखवा.